अर्ज पोहोचला कसा? : ब्राउझर आणि सर्व्हर यांमधील देवाणघेवाण

संकेतस्थळावरील अर्ज भरून खालच्या ‘सादर करा’ या बटणाला बोट लावले की काम झाले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, रेल्वेचे आरक्षण ही सारी कामे आज अशीच होतात. परंतु बोट लावणे आणि अर्ज दाखल होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या दोहोंच्या मध्ये एक प्रवास आहे. तो बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या सेकंदात संपतो, म्हणून आपल्या ध्यानी येत नाही; आणि जेव्हा तो अर्ध्यावर तुटतो, तेव्हा पुष्कळदा शेवटची तारीख उलटून गेल्यावरच ते कळते. हा प्रवास कसा होतो, कोठे अडतो आणि तो नीट व्हावा म्हणून संकेतस्थळ तयार करणाराने काय पाहिले पाहिजे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे वस्तीतील धाकट्या मुलामुलींचे अर्ज भरण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. ‘ताई, गेला का अर्ज?’ या प्रश्नाला ‘गेला असेल’ असे मोघम उत्तर देणे मला बरे वाटेना, म्हणून संगणकाचा कौशल्य-विषय घेतला. शिवाय एका ठिकाणचा मजकूर दुसऱ्या ठिकाणी अर्थ न बिघडता कसा पोहोचवावा, हा प्रश्न भाषेच्या विद्यार्थ्यांना परका वाटू नये.

दोन जागा, दोन यंत्रे

कागदी अर्जाची खिडकी आठवावी. विद्यार्थी खिडकीबाहेर उभा. लेखनिक, नोंदवही आणि शिक्का आत. विद्यार्थ्याच्या मनात काय आहे ते लेखनिकाला दिसत नाही, आणि आतल्या नोंदवहीचे पान विद्यार्थ्याला उलटता येत नाही. खिडकीतून आत-बाहेर जातो तो फक्त कागद. संकेतस्थळाची रचना अशीच आहे. आपल्या मोबाइलमधील ब्राउझर ही खिडकीबाहेरची जागा. तेथे चालणारी स्क्रिप्ट जावास्क्रिप्ट भाषेत असते. सर्व्हर ही आतली जागा. तेथील कोड पीएचपी, पायथन, जावा अशा निरनिराळ्या भाषांत असू शकतो. नोंदवही, म्हणजे डेटाबेस, असतो सर्व्हरच्या ताब्यात.

नव्याने शिकणाराचा घोटाळा येथेच होतो. पीएचपीच्या फाइलीत दोन्ही प्रकारचा कोड एकाखाली एक लिहिता येतो, त्यामुळे दोघेही एकाच खोलीत बसले आहेत असा भास होतो. प्रत्यक्षात पीएचपीचा भाग सर्व्हरवर आधी चालतो, पान तयार करतो आणि संपतो. ते पान मोबाइलवर उतरल्यावर जावास्क्रिप्टचा भाग चालू लागतो. म्हणजे दोघांची जागा तर वेगळी आहेच, पण वेळही वेगळी आहे. म्हणून जावास्क्रिप्टने एखाद्या चलात विद्यार्थ्याचे गुण साठवले, तरी पीएचपीला ते दिसत नाहीत; ते नव्याने पाठवावेच लागतात.

हे असे का झाले, ते इतिहासावरून समजते. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये या जाळ्याची कल्पना लेखी मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. त्यात मुख्य काम मागणे आणि देणे एवढेच होते. वाचकाकडून आलेली माहिती सर्व्हरवरील प्रोग्रॅमच्या हाती सोपविण्याची सीजीआय नावाची रीत १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात ठरली. रासमुस लेर्डोर्फ यांनी पीएचपीचे पहिले रूप १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवले. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला. आतला आणि बाहेरचा अशा या दोन भाषा वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या गरजांतून जन्माला आल्या. त्यांच्यात सामाईक असा दुवा एकच राहिला, तो म्हणजे एचटीटीपी हा संदेशवहनाचा संकेत.

मागणी आणि पाकीट

एचटीटीपीत ब्राउझर मागणी करतो आणि सर्व्हर उत्तर देतो. माहिती पाठविण्याच्या दोन रीती येथे विशेष वापरात आहेत. पहिली ‘गेट’. हिच्यात माहिती पत्त्याच्याच शेपटाला जोडली जाते, म्हणजे पोस्टकार्डासारखी उघडी असते. ती ब्राउझरच्या इतिहासात राहते, सर्व्हरच्या रोजनिशीत उतरते. निकाल पाहणे, पुस्तक शोधणे अशा केवळ वाचनाच्या कामाला ही रीत योग्य. दुसरी ‘पोस्ट’. हिच्यात माहिती पाकिटाच्या पोटात जाते. नोंद करावयाची, पैसे भरावयाचे, परवलीचा शब्द द्यावयाचा, तर पोस्टच वापरावी. मात्र पोस्टचे पाकीट म्हणजे मोहोरबंद पाकीट नव्हे. वाटेत कोणी वाचू नये यासाठी सगळा प्रवासच गुप्तलिपीत व्हावा लागतो. ते काम एचटीटीपीएस करते.

पाकिटावर आत काय आहे याची एक चिठ्ठी असते. तिला हेडर म्हणतात. ही चिठ्ठी क्षुल्लक वाटते, पण तिच्यावरून होणारा घोटाळा फार प्रसिद्ध आहे. साध्या अर्जाने पाठविलेली माहिती पीएचपी आपण होऊन उघडते आणि ‘पोस्ट’ नावाच्या पेटीत रचून ठेवते. पण तीच माहिती जावास्क्रिप्टने जेसन या स्वरूपात पाठवली, तर ती पेटी रिकामी राहते! माहिती हरवलेली नसते. ती न उघडलेल्या पाकिटात तशीच पडून असते. ते पाकीट कोडने स्वतः उघडून वाचावे लागते. नवशिके यात तासन् तास घालवतात. कारण पाठविणारा म्हणतो ‘मी पाठवले’, घेणारा म्हणतो ‘मला मिळाले नाही’, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

पाकिटाच्या आकारालाही मर्यादा असते. पीएचपीची मूळची मर्यादा एका फाइलीला २ एमबी आणि संपूर्ण पाकिटाला ८ एमबी अशी आहे. सर्व्हरचा व्यवस्थापक ती बदलू शकतो. पूर्ण पाकीट मर्यादेबाहेर गेले, तर केवळ दाखल्याचे छायाचित्रच नव्हे, त्याबरोबर लिहिलेले नाव-गावदेखील पेटीत दिसत नाही. आजच्या मोबाइलने काढलेले एकच छायाचित्र कित्येकदा २ एमबीच्या वर जाते. तेव्हा मर्यादा किती, हे अर्जावर आधीच सांगणे आणि आकार मोठा असल्यास पाठविण्यापूर्वीच ब्राउझरने टोकणे, एवढी काळजी घेतली तरी अनेकांचे हेलपाटे वाचतात.

सर्व काही मजकूर होऊन जाते

ब्राउझरमधील चल हे त्याच्या स्मृतीतले एक चित्र असते. ते उचलून वाटेवर ठेवता येत नाही. ते आधी मजकुरात उतरवावे लागते, आणि पलीकडे मजकुरावरून पुन्हा चित्र उभे करावे लागते. यासाठी आज सर्वांत अधिक चालणारी रीत म्हणजे जेसन. अमेरिकेतील डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास तिला रूप आणि नाव दिले. एका विद्यार्थिनीची माहिती जेसनमध्ये अशी दिसते :

{"नाव": "सविता", "वर्ग": "द्वितीय वर्ष कला", "वसतिगृह": "होय"}

डावीकडे खूण, उजवीकडे किंमत. माणसालाही वाचता येते, यंत्रालाही. जावास्क्रिप्ट, पीएचपी, पायथन या सर्वांना हे वाचता-लिहिता येते, म्हणून दोन भिन्न भाषांमधला तो उत्तम दुभाषा ठरला.

पण मजकुरात उतरवताना वस्तूची जात विसरली जाण्याचा धोका असतो. अर्जाच्या चौकटीत टंकलेले सर्व काही ब्राउझरला केवळ अक्षरे म्हणून मिळते. १० आणि ५ या दोन चौकटींतील आकड्यांची जावास्क्रिप्टमध्ये अधिक चिन्हाने बेरीज केली, तर उत्तर १५ येत नाही, १०५ येते. कारण तिच्या लेखी ती संख्या नसून अक्षरे असतात आणि ती एकापुढे एक जोडली जातात. पीएचपीमध्ये मात्र तेच अधिक चिन्ह बेरीज करून १५ देते. तेच चिन्ह, पण दोन भाषांत दोन अर्थ!

याच्या उलट धोकाही आहे. बँकेचा खाते क्रमांक दिसतो संख्येसारखा, पण त्याची कोणी बेरीज करीत नाही. तो संख्या म्हणून पाठवला, तर सुरुवातीची शून्ये गळतात. शिवाय जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ या सोळा अंकी संख्येच्या पुढे पूर्णांकांची अचूकता राहीलच असे नाही; शेवटचा अंक निमूटपणे बदलू शकतो. सतरा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक बदलला, तर शिष्यवृत्ती कोणाच्या खात्यात जाईल? म्हणून खाते क्रमांक, दूरध्वनी क्रमांक, दाखल्याचा क्रमांक हे नेहमी अवतरणचिन्हांत, अक्षरे म्हणूनच पाठवावेत.

आपली लिपी वाटेवर

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. यंत्राला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोड या जागतिक यादीत एक क्रमांक आहे, आणि तो क्रमांक वाटेवर कसा लिहावा याचा नियम म्हणजे यूटीएफ-८. हा नियम केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये बनवला. त्यानुसार इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. म्हणजे पंधरा बाइट. हाच शब्द ‘गेट’ने पत्त्याच्या शेपटाला जोडावयाचा झाला, तर प्रत्येक बाइटची टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे दोन अक्षरे अशी फोड होते, आणि ‘मराठी’ पंचेचाळीस अक्षरे लांब होऊन जाते. पत्त्याच्या पट्टीत कधी कधी टक्क्यांची जी लांबलचक माळ दिसते, ती हीच.

पाठविणाराने यूटीएफ-८ मध्ये लिहिले आणि घेणाराने दुसऱ्याच नियमाने वाचले, की नावाच्या जागी परक्या चिन्हांची माळ उमटते. ही केवळ वाचनाची चूक असते. योग्य नियमाने पुन्हा वाचले तर नाव बहुधा परत मिळते. पण नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे साठवली गेली, तर मात्र नाव गेलेच समजावे. कारण ज्या साठ्याला देवनागरी ठाऊकच नव्हती, त्याने प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह लिहून मूळ फेकून दिलेले असते. आईचे नाव, गावाचे नाव मराठीत लिहिण्याचा हक्क कागदावर असून भागत नाही. पान, पाकीट आणि साठा या तिन्ही ठिकाणी एकच नियम असेल तेव्हाच तो टिकतो.

पान न बदलता

जुन्या पद्धतीत प्रत्येक मागणीला सर्व्हर संपूर्ण नवे पान देत असे. जिल्हा निवडला की सारे पान नाहीसे होऊन तालुक्यांसह पुन्हा उमटे. ही अडचण दूर करणारी सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आणली. स्क्रिप्टने पडद्याआडून सर्व्हरकडे मागणी करावी आणि आलेल्या उत्तराने पानाचा तेवढाच भाग बदलावा, अशी ती युक्ती होती. जीमेल २००४ मध्ये आणि गुगलचे नकाशे २००५ मध्ये आले, तेव्हा तिचे सामर्थ्य सर्वांना दिसले. जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. आज ब्राउझरमध्ये याच कामासाठी ‘फेच’ ही अधिक सुटसुटीत आज्ञा आहे.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, मागणी केल्यावर स्क्रिप्ट उत्तराची वाट पाहत ताटकळत नाही. ती पुढच्या ओळीवर जाते, आणि उत्तर येईल तेव्हा काय करावयाचे ते आधी सांगून ठेवावे लागते. दोन मागण्या लागोपाठ केल्या, तर दुसरीचे उत्तर आधी येऊ शकते. विद्यार्थ्याने चुकून सातारा निवडून लगेच सांगली निवडले, आणि साताऱ्याचे उत्तर उशिरा आले, तर सांगलीखाली कऱ्हाड, पाटण असे तालुके दिसू लागतील. म्हणून आलेले उत्तर कोणत्या मागणीचे आहे, हे पाहूनच ते पडद्यावर घ्यावे.

‘पोहोचले’ म्हणजे ‘झाले’ नव्हे

सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरावर तीन अंकी स्थिती-क्रमांक असतो. २०० म्हणजे ठीक. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही. ५०० म्हणजे सर्व्हरवरच काही बिघडले. आता गंमत पाहा. ‘फेच’ या आज्ञेच्या दृष्टीने उत्तर आले की काम फत्ते झाले, मग त्यावर ५०० का लिहिलेले असेना! वाटच तुटली, तरच ती अपयश मानते. त्यामुळे स्थिती-क्रमांक न तपासता ज्याने ‘उत्तर आले की हिरवी बरोबरची खूण दाखवा’ असे लिहून ठेवले, त्याच्या पानावर नोंद झालेली नसतानाही ‘आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला’ असे झळकते. विद्यार्थी निश्चिंत मनाने घरी जातो. कोडमधील एका ओळीची ही उणीव एखाद्याचे संपूर्ण वर्ष वाया घालवू शकते.

तिसरीही एक अवस्था आहे, आणि ती सर्वांत अवघड. मागणी पोहोचली, नोंद झाली, पण उत्तर परत येताना वाट तुटली. खेड्यात वीज आणि संपर्क दोन्ही लपंडाव खेळत असताना हे सहज घडते. अर्जदाराला वाटते काही झाले नाही. तो पुन्हा बटण दाबतो. मग दोन नोंदी होतात, क्वचित शुल्कही दोनदा जाते. यावर उपाय असा की, प्रत्येक अर्जाला आरंभीच एक स्वतंत्र खूण-क्रमांक द्यावा. त्याच क्रमांकाची मागणी दुसऱ्यांदा आली, तर सर्व्हरने नवी नोंद न करता ‘ही आधीच झाली आहे’ असे सांगून पहिलेच उत्तर परत द्यावे.

ओळख आणि विश्वास

खिडकीआडचा हा लेखनिक फार विसराळू आहे. एक मागणी संपली की पुढच्या मागणीला तो आपल्याला ओळखत नाही. म्हणून प्रवेश करताना तो एक बिल्ला देतो आणि ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर तो दाखवतो. हा बिल्ला म्हणजे कुकी. तिची कल्पना १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी काढली. बिल्ल्याला मुदत असते. पीएचपीमध्ये ती मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे आहे; त्यानंतर आतली ओळख केव्हाही पुसली जाऊ शकते. आणि येथे एक बारकावा आहे. ही मुदत मोजली जाते ती सर्व्हरकडे गेलेल्या शेवटच्या मागणीपासून. आपण चौकटीत कितीही टंकत असलो, तरी ते ब्राउझरच्या आतच घडते. सर्व्हरच्या दृष्टीने आपण गप्प बसलेलो असतो. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला पेटीतून शोधून काढण्यात अर्धा तास गेला, की बटण दाबताच पुन्हा प्रवेशाचे पान समोर येते आणि लिहिलेले सारे नाहीसे होते. स्क्रिप्टने दर थोड्या वेळाने कच्चा मसुदा सर्व्हरकडे पाठवीत राहिले, तर हा अन्याय टळतो.

शेवटी विश्वासाचा प्रश्न. ब्राउझर हा अर्जदाराच्या ताब्यात असतो. तेथील स्क्रिप्ट त्याला वाचता येते, बदलता येते, बंदही करता येते. म्हणून ‘गुण शंभराहून अधिक लिहू देऊ नका’ ही ब्राउझरमधली तपासणी म्हणजे सूचना आहे, पहारा नव्हे. तीच तपासणी सर्व्हरने पुन्हा केलीच पाहिजे. शुल्क किती, हे तर ब्राउझरकडून घेऊच नये. ते सर्व्हरने आपल्या नोंदवहीतून पाहावे.

तसेच आलेला मजकूर मजकूरच राहिला पाहिजे, तो आज्ञा होता कामा नये. वसई-गोव्याकडील डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना मध्ये एक उलटा स्वल्पविराम येतो. डेटाबेसच्या आज्ञेत हे नाव नुसते चिकटवले, तर त्या चिन्हापाशी आज्ञा तुटते आणि सरळमार्गी डिसोझांचा अर्ज नाकारला जातो. आणि त्याच फटीतून दुष्ट हेतूचा मनुष्य स्वतःची आज्ञा आत सरकवू शकतो. त्यासाठी आज्ञा आणि किंमत या वेगवेगळ्या पाठविण्याची सोय प्रत्येक प्रचलित भाषेत आहे, ती वापरावी. सर्व्हरवरील किंमत पानातल्या जावास्क्रिप्टमध्ये लिहितानाही ती हाताने अवतरणचिन्हांत न कोंबता जेसनच्या रीतीने उतरवावी. सर्वांवर अविश्वास दाखवा असा याचा अर्थ नव्हे. दार भक्कम असेल, तर प्रामाणिक माणसावर संशय घेण्याची वेळच येत नाही.

एवढ्या विवेचनावरून ध्यानात येईल की, ब्राउझर आणि सर्व्हर यांत आपोआप असे काहीच जात नाही. जे जाते ते कोणीतरी लिहून, बांधून, चिठ्ठी लावून पाठवलेले असते. आणि पलीकडे कोणीतरी उघडून, तपासून, नोंदवून त्याची पोच दिलेली असते. यातील प्रत्येक पायरी माणसानेच लिहिलेली आहे, म्हणून ती सुधारताही येते. ज्यांच्या घरी अर्जाची भाषा समजावून सांगणारे कोणी नाही, त्यांना तर पडद्यावरील एका वाक्यावरच विसंबावे लागते. ते वाक्य खरे असले पाहिजे. तेव्हा अर्ज भरणाराने अर्ज क्रमांक हाती येईपर्यंत पान बंद करू नये, आणि पान लिहिणाराने सर्व्हरचे उत्तर तपासून होईपर्यंत ‘झाले’ हा शब्द पडद्यावर उमटू देऊ नये.